बोट बंद करून गावी जाताना काय ठेवायचं, काय न्यायचं?

एका वाचक बाईंचं पत्र, थोडक्यात:

"मी 58 वर्षांची, मिस्टर 62 चे. ते मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर आम्ही 38 फुटी शिडाची बोट घेतली आणि गेली काही वर्षं कॅरिबियनमध्ये बोटीवरच राहतोय. सध्या ग्रेनाडाला नांगर टाकून आहोत. रत्नागिरीला सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. धाकटे दीर एकटेच सगळं बघतायत. त्यामुळे जूनच्या आधी बोट यार्डात वर काढून आम्ही दोघं गावी जाणार आहोत. मिस्टर म्हणतात, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, कुलूप लावू आणि निघू. पण बोटीत पाय ठेवायला जागा नाही. त्यांच्या मते पसारा माझ्या स्वयंपाकघराचा आहे. मला दिसतात ते त्यांचे नटबोल्ट, जुने पंप आणि दोरांची भेंडोळी. मी आवरायला काढलं की ते म्हणतात, 'बोट रिकामी केली की परत यायचं मनही उरणार नाही.' कुठून सुरुवात करू? काय ठेवू, काय नेऊ? देव बंद बोटीत ठेवले तर चालतील का? आणि एक गोष्ट त्यांना अजून सांगितलेली नाही. मला परत यायचंय की नाही, हे माझं मलाच ठरत नाहीये."

ताई,

तुमचा प्रश्न पसाऱ्याचा आहे, पण पत्रात तीन गोष्टी धरूनच चाललेल्या दिसतात. जाणं सहा महिन्यांचं आहे, पसारा दोघांपैकी कुणातरी एकाचा आहे, आणि बोट रिकामी करणं म्हणजे ती सोडणं. या तिन्हींबद्दल मला बोलायचंय. तुमच्या हाताशी दिवस मात्र थोडे आहेत, म्हणून आधी कामाचं सांगते.

बोट पाण्यात आहे तोवरच आवरून घ्या. यार्डात वर काढली की निवांत आवरू, असं बरेचजण ठरवतात आणि तिथेच अडकतात. वर काढलेल्या बोटीचं डेक जमिनीपासून तीन-साडेतीन मीटर उंच जातं. मग एकेक डबा शिडीवरून नाहीतर दोराला बादली बांधून खाली सोडावा लागतो. सिंकचं पाणी खाली यार्डात सांडतं, म्हणून सिंक बंद. टॉयलेट बंद. फ्रिज समुद्राच्या पाण्यावर थंड होणारा असेल तर तोही बंद. नांगरावर बोट वाऱ्याकडे तोंड करून असते, हॅचमधून, म्हणजे छतावरच्या झडपांमधून, हवा खेळत राहते. यार्डात दुपारी केबिनमध्ये बसवत नाही. तिथले मोजके दिवस शिडं उतरवायला, इंजिन गोड्या पाण्याने धुवायला आणि टेकू-पट्टे तपासायलाच पुरत नाहीत. आतलं आवरणं सगळं आत्ता, नांगरावर.

एका वेळी एकच लॉकर उघडा. पूर्ण रिकामा करून सगळं टेबलावर मांडा, लॉकर व्हिनेगरने पुसा, सुकू द्या, राहणार तेवढंच परत ठेवा आणि मगच दुसऱ्याला हात लावा. बोटीवर दोन लॉकर एकदम उघडले तर रात्री झोपायला जागा राहत नाही, आणि मग सगळं कोंबून परत आत जातं. सुरुवात पुढच्या केबिनपासून करा, कारण 'नंतर बघू' म्हणून ठेवलेलं सामान बहुतेक बोटींवर तिथेच साठतं. ती केबिन मोकळी झाली की पुढच्या कामाला जागाही मिळते.

आता सहा महिन्यांचं. वयस्कर माणूस खुब्याच्या ऑपरेशननंतर कधी आपल्या पायांनी हिंडू-फिरू लागेल, याची तारीख डॉक्टरही देत नाहीत. आणि वादळांचा हंगामच 1 जून ते 30 नोव्हेंबर असा सहा महिन्यांचा आहे. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी त्याआधी तुम्ही बोट पाण्यात टाकणार नाही. एखादा महिना इकडेतिकडे झाला, आईंना पुन्हा काही झालं, तर पुढचा हंगाम दारात उभा. म्हणून तयारी दीड वर्षाची करा. लवकर परतलात तर त्यात बिघडत काहीच नाही. सहा महिन्यांच्या हिशेबाने कुलूप लावून पंधरा महिन्यांनी उघडलेल्या बोटी मी पाहिल्या आहेत. आतला वास गाद्या बदलल्या तरी जात नाही.

ग्रेनाडा 12 अंश उत्तरेवर, म्हणजे वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. वादळं इथवर येत नाहीत असंच पूर्वी धरलेलं असायचं. 7 सप्टेंबर 2004 ला आयव्हन हे चक्रीवादळ आलं आणि यार्डात टेकूंवर उभ्या असलेल्या बोटी एकीवर एक आडव्या झाल्या. 1 जुलै 2024 ला बेरिल चौथ्या श्रेणीचं होऊन थेट ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर धडकलं, तेव्हा हंगाम सुरू होऊन महिनाच झाला होता. बऱ्याच विमा कंपन्या या काळात बोट कुठे ठेवायची, जमिनीला पट्ट्यांनी कशी बांधायची, डेकवर काय काय ठेवायचं नाही, याच्या अटी घालतात. पॉलिसीतलं तेवढं पान आजच दोघांनी मिळून वाचा. 'काय काढायचं' यावरचा निम्मा वाद तिथेच मिटेल, कारण ते तुम्ही सांगत नसाल, पॉलिसी सांगत असेल.

मिस्टरांच्या वाक्याबद्दल. ते रत्नागिरीचे आहेत ना? मग त्यांनी लहानपणापासून पाहिलेलंच आहे. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्यावर ओढतात. जाळी घरी जातात, इंजिन उतरवतात, वल्हीसुद्धा आत कुणी ठेवत नाही. मग वरून झापांनी नाहीतर ताडपत्रीने होडी शाकारतात. त्या होडीत काही म्हणजे काही नसतं, आणि नारळी पौर्णिमेला ती पुन्हा पाण्यात असते. आत सामान तसंच टाकून दिलेली होडी दिसली, तर समजायचं की मालक काही आता येत नाही. हे त्यांना तुमच्या शब्दांत सांगा. पण त्या वाक्यामागे जी भीती आहे, ती खरी आहे. माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या जहाजांची इंजिनं सांभाळतो आणि शेवटी स्वतःची बोट घेतो. ती रिकामी होताना पाहणं सोपं नाही. म्हणून त्यांच्या लॉकरना तुम्ही हात लावू नका. ते त्यांचे त्यांनीच उघडू देत, तुमचे तुम्ही उघडा. एकमेकांच्या वस्तूंवर निवाडा करायचा नाही. काही अडलंच तर विचारायचं, एवढंच.

कुणाचं सामान जास्त, हे मोजायलाही जाऊ नका. त्यापेक्षा एका संध्याकाळी दोघं डिंगीत (छोट्या होडीत) बसून बोटीभोवती फेरी मारा आणि रंगाची रेघ पाण्यापासून किती वर आहे ते पाहा. राहत्या बोटी वर्षागणिक जड होत जातात आणि ती रेघ हळूहळू पाण्याखाली जाते. डबे आणि बोल्ट दोन्ही मिळून ती खाली नेतात. आवरता आवरता ती वर येताना दिसली, तर दोघांनाही हुरूप येईल.

काय ठेवायचं हे ठरवताना 'हे लागेल का?' असं विचारू नका. बोटीवर त्याचं उत्तर नेहमी 'लागेल' असंच येतं. त्याऐवजी विचारा, आम्ही नसताना, बंद, तापलेल्या, दमट केबिनमध्ये ही वस्तू दीड वर्ष टिकेल का? नाही टिकली, तर शेजारच्या कशाची नासाडी करेल? हा दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. टॉर्चमध्ये राहिलेला सेल फुटून टॉर्च खातो. स्प्रेचा डबा तळाशी गंजतो आणि एक दिवस लॉकरभर होतो. तेलाची बाटली उन्हाने फुगून झाकणातून झिरपते. टॉर्च, घड्याळ, रिमोट, गॅस पेटवायचं लायटर, सगळ्यांतले सेल काढा.

स्वयंपाकघर. पीठ, रवा, तांदूळ, डाळी यांतलं काहीही मागे ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यातही टोके आणि पाखऱ्या होतात, कारण अंडी धान्याबरोबरच आलेली असतात. टिनचे डबे 'वर्षानुवर्षं टिकतात' म्हणून ठेवावेसे वाटतील. बिल्जमधला, म्हणजे बोटीच्या तळातला, एक छोल्यांचा डबा उचलून उलटा करा. वरून लेबल नवं कोरं दिसतं, पण तळाच्या शिवणीवर तांबूस ठिपके असतात आणि बोट फिरवलं की खरखर लागतं. ती खरखर लागली की डबा गेला. टोमॅटो आणि अननसाचे डबे तर आंबटपणामुळे आतूनही खंगतात. शीतपेयांचे अ‍ॅल्युमिनियमचे कॅन एकमेकांना घासून बारीक भोकं पडतात, तेव्हा एकही ठेवू नका. गोडा मसाला, हळद, हिंग यांचा वास दीड वर्षात उरणार नाही. तो परत येताना रत्नागिरीहून ताजा आणता येईल. बाकी किराण्याचं म्हणाल, तर इथे मिळत नाही म्हणून साठवायचं हे मला पटत नाही. 1 मे 1857 ला ग्रेनाडात आणि 30 मे 1845 ला शेजारच्या त्रिनिदादमध्ये भारतातून मजुरांची पहिली जहाजं आली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही डाळ, जिरं, चणे खातात, आणि ते दुकानात मिळतं.

मसाल्याचा डबा रिकामा करा, धुऊन कडकडीत वाळवा आणि झाकण न लावता ठेवा. कुकरची रिंग काढून झाकण सैल राहू दे. बिडाच्या तव्याला तेल चोळून कापडात गुंडाळा. पुठ्ठ्याचं एकही खोकं आत राहू देऊ नका, त्याच्या पन्हाळीत झुरळं अंडी घालतात. आपल्याकडे करतो तशा बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या करून कोपऱ्याकोपऱ्यात ठेवा. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार दोरीने उघडं बांधून ठेवा. चुकून जरी बंद राहिलं तरी आतली बुरशी घासून निघत नाही.

मिस्टरांच्या सामानाबद्दल त्यांनाच वाचायला द्या असं एकच सांगते. प्रत्येक सुट्या भागावर, तो आज बोटीवर असलेल्या कुठल्या यंत्राचा आहे, हे लिहायचं. यंत्र सापडलं नाही तर तो भाग दुसऱ्या कुणाच्या तरी बोटीचा आहे. बदललेले पंप आणि इम्पेलर (पंपातली रबरी चाकं) 'अडीनडीला' ठेवलेले असतील, तर ते एकदा का काढले होते ते आठवावं. रबर तर न वापरताही कडक होतं. बाकी इंजिनचं तेल, डिझेलची टाकी, बॅटरी, वॉटरमेकर, सीकॉक यांत त्यांना मी काही शिकवणार नाही. ते त्यांचंच क्षेत्र आहे, आणि ते काम त्यांच्याकडून नीट होईल.

कपडे, गाद्या, पुस्तकं यांचा शत्रू एकच, दमट हवा. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि पावसाळ्यात कॅरिबियनमध्ये ती सहसा त्याच्या वरच असते. गाद्या उभ्या ठेवा, खालून-मागून हवा फिरली पाहिजे. लॉकरची दारं, फळ्या सगळं उघडं. मीठ लागलेलं कापड हवेतलं पाणी ओढत राहतं, म्हणून ठेवायचं ते गोड्या पाण्यात धुऊनच. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यांवर विसंबू नका. या हवेत ते काही आठवड्यांत पाण्याने भरतात, आणि ते पाणी सांडलं तर धातू खातं, लाकूड डागाळतं. कुणी येऊन रिकामे करणार असेल तरच ठेवा. यार्ड वीज देत असेल आणि डिह्युमिडिफायर लावणार असाल, तर वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू होणाराच घ्या. बटण दाबावं लागणारा पहिल्यांदा वीज गेली की बंद पडून तसाच राहील.

पैठणी असेल तर ती आणि सगळ्या रेशमी साड्या बरोबर न्या. सोनं, औषधं, हार्ड डिस्क, बोटीच्या नोंदणीची आणि कस्टम्सची मूळ कागदपत्रंही. कागदांच्या प्रती मात्र बोटीत चार्टच्या टेबलात राहू द्या. तुमच्या गैरहजेरीत बोट हलवायची वेळ आली, तर कुणाला तरी त्या लागतील.

देव बरोबर न्या. बंद बोटीत ठेवलं तर काही वाईट होईल म्हणून म्हणत नाही. पितळ खाऱ्या हवेत काळं-हिरवं पडतं हे एक. आणि रत्नागिरीच्या घरात आजारपण आहे, तुमचे दिवस तिथे आईंच्या खोलीत जाणार आहेत. रोज हात जोडायची तुमची जी मूर्ती आहे, ती तुमच्याजवळ असलेली बरी. हातातल्या पिशवीत ती मावते.

देऊन टाकायचं ते कुठे द्यायचं? सकाळी बोटवाले व्हीएचएफ रेडिओवर एकत्र बोलतात, त्या नेटवर देवाणघेवाणीची वेळ असते, तिथे सांगा. यार्डात बहुधा एक फळी असते, नको असलेलं ठेवा आणि हवं ते न्या अशी. तारीख न उलटलेलं अन्न यार्डातल्या कामगारांना विचारून द्या, पण आधी विचारा. विकायचं असेल तर सावध राहा. फिरत्या बोटीवर करमाफीत आणलेली वस्तू किनाऱ्यावर विकली की कस्टम्सचा कर लागू शकतो. मुदत संपलेले फ्लेअर (संकटात इशारा द्यायचे अग्निबाण) कचऱ्यात टाकू नका, संपवायचे म्हणून उडवूही नका. संकट नसताना फ्लेअर सोडणं गुन्हा ठरतो, आणि विमानात ते अजिबात चालत नाहीत. यार्डच्या ऑफिसात विचारा, कुठे जमा करायचे ते सांगतील.

डेकवर काही ठेवू नका. शिडं, बिमिनी आणि स्प्रेहूड ही कापडी छपरं, सोलर पॅनेल ढिलं असेल तर तेही, सगळं खाली. गुंडाळून ठेवलेलं पुढचं शीड वादळात सुटलं, तर त्याच्या ओढीने बोट टेकूंवरून पडते. ही उतरवलेली शिडंच केबिनमधली सगळ्यात मोठी जागा घेतील, हे आतलं आवरतानाच लक्षात ठेवा.

जमिनीवरची बोटसुद्धा पाण्याने भरते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कॉकपिटच्या मोऱ्या पानांनी तुंबतात, पावसाचं पाणी चढतं आणि पायऱ्यांवरून केबिनमध्ये उतरतं. कुंभारीण माशी नळ्यांत आणि हवेच्या भोकांत मातीची घरं करते, गांधीलमाश्या बूमच्या, म्हणजे शिडाच्या आडव्या दांडीच्या, टोकात राहायला येतात. सगळ्या भोकांना बारीक जाळी बसवा, पण मोऱ्यांना नको. म्हणूनच कुलूप लावून निघू, हे मला पटत नाही. महिन्यातून एकदा बोट उघडून पाहणारा माणूस पैसे देऊन ठेवा. त्याला लिहून द्या: मोऱ्या साफ, बिल्ज कोरडं, टेकूंच्या साखळ्या घट्ट, हॅच उघडून तासभर हवा, आणि प्रत्येक केबिनचा फोटो. रिकाम्या, नीट लावलेल्या बोटीत त्याला ओल लगेच दिसेल. भरलेल्या बोटीत ती सामानाच्या मागे महिनोन्‌महिने लपून राहील. तुम्हीही प्रत्येक लॉकरला नंबर द्या, आत काय आहे ते एका वहीत लिहा आणि फोटो काढा. विम्याच्या दाव्याला ते उपयोगी पडतात. शिवाय काय आणायचं हे रत्नागिरीत बसून कळतं.

आता तुमची शेवटची ओळ.

ठरल्यावर सांगू, म्हणून थांबू नका. ठरलेलं नाही, हेच त्यांना सांगा. आणि बोट पाण्यात असताना सांगा, यार्डच्या धावपळीत किंवा विमानात नको. हे मनात ठेवून आवरायला बसलात, तर प्रत्येक वस्तूला दोन अर्थ येतील. तुम्ही मसाल्याचा डबा बॅगेत घातला की त्यांना तो निरोप वाटेल, आणि तुम्हालाही पुरतं 'नाही' म्हणता येणार नाही. मग भांडण डब्यावरून होईल. "मला बोट विकायची नाहीये, पण परत येईनच असं वचन आज देता येत नाही. आईंची तब्येत बघू, माझं मन बघू," एवढं म्हणालात तरी पुष्कळ झालं. कदाचित त्यांच्याही मनात काही असेल. 62 व्या वर्षी रात्री दोनला उठून नांगर बघायला जाणं त्यांना आधीइतकं सोपं राहिलं असेलच असं नाही.

दीड वर्षाच्या तयारीने रिकामी, कोरडी, वहीत नोंद असलेली बोट परत येऊन हाकता येते, विकता येते, एखाद्या विश्वासू मित्राला हंगामभर वापरायलाही देता येते. भरलेल्या, कुबट बोटीचं यातलं काहीच धड होत नाही. म्हणजे आज आवरताना परतीचा निर्णय घ्यावाच लागत नाही. तो निर्णय घ्यायला एक दिवस मात्र ठरवा. हंगाम 30 नोव्हेंबरला संपतो. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, दीर घरी असताना, तासभर दोघंच बाहेर पडा आणि तेवढंच बोला. तोवर हा विषय कुणीही काढायचा नाही. आणि यार्डचं भाडं जानेवारीअखेरपर्यंत आत्ताच भरून ठेवा, म्हणजे पैशांच्या घाईने काही ठरवावं लागणार नाही.